मानांकनाचा टिळा

मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला हातखंबा ठाऊक असते ते तिठा म्हणून. येथून एक रस्ता रत्नागिरी शहराकडे उतरतो, दुसरा निवळी-संगमेश्वरमार्गे मुंबईकडे जातो आणि तिसरा पालीकडे. पालीहून पुढे आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे किंवा लांज्यावरून गोव्याची वाट धरावी. बारावीचा निकाल लागला की पंचक्रोशीतील घराघरांत याच रस्त्यांची चर्चा सुरू होते. मुलीने रत्नागिरीला जाऊन-येऊन शिकायचे, मुंबईला काकांच्या दोन खोल्यांत राहायचे, की कोल्हापूरचे वसतिगृह पाहायचे? आंब्याचा हंगाम नुकताच आटोपलेला असतो, हाती आलेल्या चार पैशांना चाळीस वाटा फुटलेल्या असतात आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात रस्त्याच्या कडेला महाविद्यालयांचे फलक उभे राहतात. त्यांवर हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे असतात, इमारत असते, हात जोडलेले अध्यक्ष असतात आणि या सर्वांहून ठळक अशी एक मोहोर असते: ‘नॅक मानांकन ए’, ‘ए प्लस’, ‘ए डबल प्लस’.

गणिताच्या प्राध्यापकाची जागा किती वर्षे रिकामी आहे, ग्रंथालय दुपारी किती वाजता बंद होते, तासिका तत्त्वावरील शिक्षकाला मागचे मानधन कधी मिळाले, यांतले काहीही फलक सांगत नाही. तो एक अक्षर सांगतो. आणि ज्याने आयुष्यभर हापूसची पेटी उघडून, वास घेऊन, देठ पाहूनच भाव ठरवला, तो बागायतदार मुलीच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र पेटी न उघडता नुसत्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो! त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पेटी उघडून पाहता येते, हेच त्याला कोणी सांगितलेले नाही. सांगण्याचे काम ज्यांचे होते, ते विद्वज्जन, संस्थाचालक आणि शासन या तिघांचेही हित पेटी बंद राहण्यातच आहे.

हे अक्षर देते कोण? राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’. १९८६चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि १९९२चा कृती कार्यक्रम यांतून १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ही परिषद स्थापन केली. तिचे मुख्यालय बंगळुरूला आहे. त्याच वर्षी तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी व तत्सम अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे ‘एनबीए’ निर्माण केले. पहिली परिषद संपूर्ण महाविद्यालय तपासते, दुसरे मंडळ एकेक शाखा तपासते. महाविद्यालयाने आधी स्वतःचे मूल्यमापन करून अहवाल लिहायचा, मग बाहेरच्या समव्यवसायी तज्ज्ञांनी येऊन तो पडताळायचा, ठरावीक वर्षांनी पुन्हा हेच करायचे, ही सगळी रीत अमेरिकेची. रीत परकीय आहे म्हणून ती त्याज्य ठरत नाही; चांगले ते कोठूनही घ्यावे. परंतु घेताना मूळ वस्तू काय होती, तिच्यातले आपण काय घेतले आणि काय तिथेच ठेवून आलो, याचा हिशेब मांडण्याचे कष्ट गेल्या तीन दशकांत फारसे कोणी घेतले नाहीत.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. तेथे दिल्लीसारखे एखादे केंद्र महाविद्यालयांना मान्यता देत नव्हते. जो तो उठून महाविद्यालय काढी. अशा गोंधळात न्यू इंग्लंड भागातील शाळा-महाविद्यालयांनी १८८५ मध्ये एकत्र येऊन आपला संघ केला. महाविद्यालयात येणाऱ्या मुलाची तयारी किती असावी आणि महाविद्यालय म्हणावे तरी कशाला, हे ठरवणे हा त्यांचा उद्देश. दोनच वर्षांनी शेजारच्या मध्य-अटलांटिक भागात आणि १८९५ मध्ये उत्तर-मध्य व दक्षिण भागांत असेच संघ झाले. आपल्याकडे जातपंचायतीचे वाईट रूपच अधिक आठवले जाते. पण व्यवसायाची पंचायत म्हणून या संघांकडे पाहिले तर त्यांचे मर्म कळते. सराफांनी सराफाचे सोने पारखायचे, खोट निघाली तर पेढीवरून उठवायचे. सरकारचा संबंध नाही, अनुदानाचा प्रश्न नाही. पणाला लागलेली असे ती अब्रू.

या पारखीचा दरारा किती असू शकतो, याचे उदाहरण वैद्यकशिक्षणाचे आहे. अब्राहम फ्लेक्स्नर हा स्वतः डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने त्याने अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पालथ्या घातल्या आणि १९१० मध्ये आपला अहवाल छापला. प्रयोगशाळा कोठे नाही, शवविच्छेदनाची खोली कोठे नुसती नावाला आहे, प्रवेशाच्या अटी कोठे कागदावरच आहेत, हे त्याने नावानिशी लिहिले. त्याने कोणालाही ‘बी प्लस प्लस’ दिले नाही. पुढील काही वर्षांत त्यांतल्या कित्येक शाळा बंद पडल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या. त्या अहवालालाही दोष होते. कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वैद्यकीय शाळा त्याच लाटेत बुडाल्या, हे त्याचे काळे पान. तरीही लेखणीने कुलूप लावता येते, हे त्याने दाखवले.

मग पैसा आला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी अमेरिकन सरकारने १९४४ मध्ये कायदा करून तिजोरी उघडली आणि रातोरात शाळा उगवल्या. सैनिकांच्या नावावर पैसे उचलायचे आणि शिकवायचे काहीच नाही, असा धंदा सुरू झाला. तो रोखण्यासाठी १९५२च्या कायद्याने सरकारने असे ठरवले की, ज्या अधिस्वीकृती संस्था आम्ही मानू, त्यांनी मान्य केलेल्या संस्थांचा आधार धरूनच पैसा द्यायचा. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्याने ही गाठ पक्की केली. तेव्हापासून अमेरिकेत अधिस्वीकृती गेली की विद्यार्थ्यांचे सरकारी कर्ज आणि साहाय्य गेले, आणि ते गेले की संस्था गेली. अब्रूची पारख तिजोरीची किल्ली झाली, तेथेच तिला कीड लागण्यास प्रारंभ झाला. कारण पारख करणाऱ्या संघांचा खर्च चालतो तो ज्यांची पारख करायची, त्यांच्याच वर्गणीवर. वर्गणीदाराला बाहेर काढायचे म्हणजे स्वतःच्या पानातली पोळी काढायची.

आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट ही शंभराहून अधिक शाखांची नफेखोर साखळी सप्टेंबर २०१६ मध्ये कोसळली आणि हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. अखेरच्या महिन्यांपर्यंत तिच्या माथ्यावर अधिस्वीकृतीचा टिळा होता. तो लावणाऱ्या संस्थेची सरकारी मान्यता २०१६ मध्ये गेली, २०१८ मध्ये परत मिळाली, २०२२ मध्ये कायमची गेली. या खेळात बुडालेल्या विद्यार्थ्यांचे काय? त्यांनी तर मान्यताप्राप्त ठिकाणीच प्रवेश घेतला होता.

याहून विलक्षण कथा मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाची. तेथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते, विद्यापीठच नव्हते. परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा गैरवापर पकडण्यासाठी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने लावलेला तो सापळा होता. जानेवारी २०१९ मध्ये १३० विद्यार्थी पकडले गेले, त्यांतले १२९ भारतीय. वर्ग होत नाहीत हे त्यांना ठाऊक होते, असे सरकारचे म्हणणे. आपण फसवले गेलो, असे अनेक विद्यार्थ्यांचे. त्यांपैकी खरे काय हे बाजूला ठेवू. येथे महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या अस्तित्वात नसलेल्या विद्यापीठाचे नाव, खात्याच्या विनंतीवरून, एका खऱ्याखुऱ्या, सरकारमान्य अधिस्वीकृती संस्थेच्या यादीत झळकत होते! ‘मान्यता आहे ना, यादीत पाहून घ्या,’ हा शहाणपणाचा सल्ला ज्याने पाळला असेल, तोही तुरुंगाच्या दारातच पोहोचला असता.

आणि आता तर तेथे परीक्षार्थीच परीक्षक निवडू लागले आहेत. २०२०च्या नियमांनी प्रादेशिक संघांच्या सीमा उठल्या. फ्लोरिडाने २०२२ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांना अधिस्वीकृती संस्था बदलण्यास भाग पाडणारा कायदा केला आणि जून २०२५ मध्ये दक्षिणेकडील सहा राज्यांच्या विद्यापीठ-व्यवस्थांनी मिळून स्वतःचीच नवी अधिस्वीकृती संस्था काढण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या शिक्षण खात्याने कोलंबिया विद्यापीठाच्या अधिस्वीकृती संस्थेला पत्र लिहून ते विद्यापीठ निकषांत बसत नाही, असे कळवले. विद्यापीठाची चूक होती की नव्हती, यावर दोन मते आहेत. पण दंडुका कोठला वापरला गेला, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडील ज्या पंडितांना अमेरिकेतील प्रत्येक पद्धत गंगाजलासारखी पवित्र वाटते, त्यांनी हे पाणी एकदा गाळून पाहावे.

आपण काय आणले?

अमेरिकेच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र आजही स्पष्ट आहे. तेथे संपूर्ण संस्थेच्या अधिस्वीकृतीला श्रेणी नाही. संस्था अधिस्वीकृत आहे किंवा नाही; मध्ये ताकीद असते, परिवीक्षा असते आणि ती जाहीर होते. हार्वर्डलाही ‘ए डबल प्लस’ नाही आणि ग्रामीण भागातील दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयालाही ‘बी’ नाही. भारताने रीत घेतली आणि तिला आपली आवडती दहावी-बारावीची गुणपत्रिका जोडली. चारपैकी ३.५१च्या वर ‘ए डबल प्लस’, ३.२६च्या वर ‘ए प्लस’, ३.०१च्या वर ‘ए’, आणि अशाच पायऱ्या उतरत दीडच्या वर ‘सी’. म्हणजे ३.२५ आणि ३.२६ यांच्यामध्ये एक शतांश गुण आणि फलकावरचे एक अधिकचे चिन्ह! परीक्षार्थी समाजाला परीक्षा दिली की तो काय करतो, हे सांगायला ज्योतिषी नको. तो शिकवणी लावतो. नॅकची तयारी करून देणारे सल्लागार आज गावोगाव उपलब्ध आहेत.

त्यात अक्षराला किल्ल्या बांधल्या गेल्या. २०१२च्या विनियमांनी मूल्यांकन अनिवार्य झाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘रूसा’ योजनेचा निधी त्याच्याशी जोडला गेला. २०१८च्या विनियमांनी ३.५१च्या वरच्या विद्यापीठांना पहिल्या वर्गाची स्वायत्तता मिळाली. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांचे दारही याच गुणांवर उघडू लागले. विद्यार्थीसंख्या वाढवण्याची, शुल्क आकारण्याची, नवे अभ्यासक्रम काढण्याची मुभा, म्हणजेच कोट्यवधींचा व्यवहार एका अक्षरावर येऊन ठेपला. अमेरिकेत १९५२ नंतर जे घडले, ते आपल्या डोळ्यांपुढे होते. तरीही आपण तेच केले आणि वर श्रेणीची फोडणी दिली.

फळ यायचे ते आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यातील एका अभिमत विद्यापीठाचे पदाधिकारी आणि ते तपासायला आलेल्या नॅक समितीचे अध्यक्ष व सदस्य अशा दहा जणांना अटक केली. ‘ए डबल प्लस’साठी लाच दिल्या-घेतल्याचा आरोप. झडतीत सुमारे ३७ लाख रुपये रोख, सहा लॅपटॉप आणि एक महागडा आयफोन सापडल्याचे विभागाने जाहीर केले. आरोप सिद्ध होतील की नाही, ते न्यायालय ठरवील. परंतु समितीचा अध्यक्ष स्वतः एका विद्यापीठाचा कुलगुरू होता, सदस्यांत नामांकित विद्यापीठांचे प्राध्यापक होते. सराफांची पंचायत ती हीच.

ही वीज निरभ्र आकाशातून कोसळली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, मार्च २०२३ मध्ये, नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी पद सोडले होते. पुण्याचे हे शास्त्रज्ञ आयुर्वेदाच्या संशोधनात आयुष्य घातलेले, पदासाठी हपापलेले नव्हेत. परिषदेच्या संगणकप्रणालीतील त्रुटी आणि तज्ज्ञांच्या नेमणुकांतील मनमानी यांवर बोट ठेवून त्यांनी स्वतंत्र चौकशी मागितली होती. घरातला वडीलधारा माणूस ‘घरात काहीतरी जळते आहे’ म्हणून बाहेर पडतो, आणि घरातले लोक खिडक्या लावून घेतात!

परिषदेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१७ मध्ये तिने पद्धत पालटली. गुणांचा सुमारे सत्तर टक्के भाग आकडेवारीवर ठेवला, भेट देणाऱ्या समितीच्या हाती तीसच टक्के राहिले. समितीचा प्रवास-निवास परिषदच पाहील, संस्थेने पाहुणचार करू नये, असाही नियम झाला. हा नियम करावा लागला, यातच पूर्वीच्या पाहुणचाराचे वर्णन येऊन जाते. पण आकडे मागितल्यावर आकडे पिकू लागले. आज कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयात सहज डोकावावे. इतिहासाचा प्राध्यापक झाड लावताना विद्यार्थ्यांचे अक्षांश-रेखांशांसह छायाचित्र काढत असतो, कारण स्थाननिर्देश नसलेले छायाचित्र पुरावा म्हणून चालत नाही. मराठीची प्राध्यापिका पाच वर्षांपूर्वीच्या व्याख्यानाची उपस्थिती-पत्रके जुळवत बसलेली असते. व्याख्यान चांगले झाले का, हे कोणी विचारत नाही. स्वाक्षऱ्या आहेत का, एवढेच विचारले जाते. शिक्षक हा कारकून झाला, आणि त्या कारकुनीला ‘गुणवत्ता’ हे नाव मिळाले.

या सर्वांत शासनाची भूमिका तर कळस आहे. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या जागा भरण्यास परवानगी देणारे शासन. त्या वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवणारेही शासनच. निवृत्त प्राध्यापकाच्या जागी तासाच्या दराने राबणारा, नेट-सेट झालेला, पस्तिशी गाठलेला तरुण उभा करायचा. मग नॅकच्या दुसऱ्या निकषात विचारायचे, मंजूर पदांच्या किती टक्के पूर्णवेळ शिक्षक आहेत? गुण कापायचे. आणि मंत्रालयातून पुन्हा नोटीस पाठवायची की मूल्यांकन का करून घेतले नाही, प्रवेश थांबवू का? ज्याने विहिरीतला दोर काढून नेला, तोच घागर रिकामी का म्हणून दटावतो आहे. संसदेत २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशातील ४३,७९६ महाविद्यालयांपैकी ९,०६२ नॅक-मूल्यांकित होती. उरलेली सगळी कामचुकार, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. त्यांत दुकाने आहेतच. परंतु मुंबईकर चाकरमान्यांनी पै-पै जमवून वाडीच्या मुलींसाठी उभी केलेली, तीन प्राध्यापकांवर चाललेली महाविद्यालयेही आहेत, हे वातानुकूलित खोलीतून दिसत नाही.

पालकाला काय सांगितले जात नाही

कोकणातील कुटुंबाला या व्यवहारात सर्वाधिक फसवतो तो संस्थेच्या आणि शाखेच्या मानांकनातील घोळ. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फलकावर ‘नॅक ए’ असते. मुलाला प्रवेश हवा असतो संगणक शाखेत. त्या शाखेला एनबीएचे मानांकन आहे का, हे पाहावे लागते, आणि ते शाखानिहाय, मुदतीनिशी असते. यंत्र शाखेला असेल आणि संगणकाला नसेल, असे सहज घडते. याच्याही पुढे एक बारकावा आहे. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि ‘आता आपली अभियांत्रिकी पदवी जगभर चालणार’ अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात तो लाभ एनबीएच्या पहिल्या स्तरातील, म्हणजे स्वायत्त संस्था व विद्यापीठांच्या मानांकित शाखांना आहे. विद्यापीठाला संलग्न असलेली बहुसंख्य महाविद्यालये दुसऱ्या स्तरात येतात, त्यांच्या मानांकित शाखाही त्या कराराच्या छत्राखाली नाहीत. ज्या घरातला मुलगा पुढे अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात अभियंता म्हणून परवाना मागणार आहे, त्याच्यासाठी ही बारीक अक्षरे मोठ्या अक्षराहून महत्त्वाची आहेत. फलकावर ती कधी पाहिली आहेत कोणी?

साध्या विज्ञान पदवीचीही हीच गत. आपली तीन वर्षांची पदवी अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीशी समतुल्य मानावी का, या प्रश्नात वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस या तेथील मोठ्या संस्थेने एक अट घातली होती: विद्यार्थी प्रथम वा द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण हवा आणि त्याची संस्था नॅकची ‘ए’ किंवा वरची. म्हणजे बंगळुरूत ठरलेल्या अक्षरावर रत्नागिरीच्या मुलीचे न्यूयॉर्कमधले एक वर्ष आणि त्या वर्षाचे लाखो रुपये अवलंबून. अक्षर विकत घेणाऱ्याने तिच्याच खिशात हात घातला आहे, हे म्हणूनच नुसते अलंकारिक विधान नाही.

विद्यापीठाचे अक्षर हा आणखी एक बुरखा. मुंबई विद्यापीठाची ‘ए’ श्रेणी २०१२ची. तिची मुदत २०१७ मध्ये संपली, आणि नेमक्या त्याच वर्षी संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या अट्टहासाने निकालांचा बोजवारा उडाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील मुलेही त्यात भरडली गेली. पुढच्या प्रवेशांच्या तारखा उलटल्या तरी गुणपत्रिका नव्हती. कुलगुरूंना ऑक्टोबरमध्ये पदावरून दूर केले गेले. २०२१ मध्ये याच विद्यापीठाला ३.६५ गुणांसह ‘ए डबल प्लस’ मिळाली. चार वर्षांत सुधारणा झालीच नसेल, असे म्हणण्याचे कारण नाही. संशोधन, ग्रंथसंपदा, परंपरा हे सारे त्या गुणांत आहे. पण कालिन्यातले ते अक्षर सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या संलग्न महाविद्यालयातील वर्गखोलीबद्दल काहीच सांगत नाही. त्याचे मूल्यांकन स्वतंत्र असते. ‘ए डबल प्लस विद्यापीठाशी संलग्न’ असे फलकावर लिहिणारा खोटे लिहीत नाही, एवढेच.

रत्नागिरी जिल्ह्याला तर अक्षराची आणि अक्षरज्ञानाची फारकत कोणी शिकवायला नको. खेड तालुक्यातील शेरवली येथे १८५८ मध्ये जन्मलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याला सरकारी मान्यता नव्हती. मातृभाषेतून शिकवायचे, स्त्रीच्या आयुष्याला उपयोगी पडेल असे शिकवायचे, हा त्यांचा हट्ट इंग्रजी साच्यात बसणारा नव्हता. मुलींच्या पदव्यांना सरकारदरबारी किंमत नव्हती, तरी आईबाप मुली पाठवत होते आणि अण्णासाहेब गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत होते. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली ती कोणते अक्षर पाहून? विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला १९५१ मध्ये, पस्तीस वर्षांनी. त्या पस्तीस वर्षांत समाज हीच त्याची अधिस्वीकृती परिषद होती. समाज येत होता, पाहत होता, विचारत होता.

आज समाजाने पाहायचे सोडले, हा या प्रकरणाचा गाभा. संस्थेच्या वार्षिक सभेला आजीव सदस्य येत नाहीत. माजी विद्यार्थी मेळाव्याला जेवून जातात. राष्ट्रीय विचारांच्या म्हणवणाऱ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. नॅकची समिती येणार म्हटले की तेथेही कुंड्या भाड्याने येतात आणि भिंतींवर विवेकानंदांची सुवचने नव्याने रंगवली जातात. समिती गेली की कुंड्या परत.

सुधारणेच्या घोषणा झाल्या आहेत. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनुसार श्रेणी काढून ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायचे, त्यापुढे उत्कृष्टतेचे पाच स्तर ठेवायचे, असे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेले विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक संयुक्त समितीकडे गेले. त्यात नियमन आणि अधिस्वीकृती यांसाठी वेगवेगळ्या परिषदा योजल्या आहेत. दिशा योग्य आहे. परंतु पाच स्तर म्हणजे पुन्हा पाच पायऱ्याच, आणि फलक रंगवणाऱ्याला ‘स्तर पाच’ लिहायला ‘ए डबल प्लस’पेक्षा रंग कमीच लागेल. रिकाम्या जागा भरल्या जाणार की नाहीत, लाच देणाऱ्या संस्थेला कुलूप लागणार की नाही, याचे उत्तर कोणत्याही परिषदेच्या नावात दडलेले नाही.

तोवर पालकाच्या हाती एक साधन आहे, आणि ते फुकट आहे. नॅकच्या भेटीनंतर समिती जो अहवाल लिहिते, तो गुप्त नसतो. परिषदेच्या आणि सामान्यतः महाविद्यालयाच्याही संकेतस्थळावर तो असतो. त्याच्या अखेरच्या भागात संस्थेची बलस्थाने, उणिवा, संधी आणि आव्हाने लिहिलेली असतात व खाली सुधारणेच्या शिफारशी असतात. बलस्थाने वाचू नयेत, ती सर्वत्र सारखीच असतात. उणिवा वाचाव्यात. मागच्या फेरीचा अहवाल शेजारी ठेवावा. पाच वर्षांपूर्वी ‘भौतिकशास्त्र प्रयोगशाळा अपुरी’ असे लिहिले होते आणि आताही तेच लिहिले असेल, तर प्रवेशाच्या दिवशी शुल्क भरण्याआधी प्राचार्यांच्या कक्षात जाऊन, शांतपणे, ती प्रयोगशाळा दाखवण्याची विनंती करावी. हातखंब्याहून रत्नागिरीला पहिली एसटी सकाळी लवकर जाते. प्रयोगशाळा पाहून दुपारपर्यंत घरी परतता येते.